कॉइलओव्हर घ्यायच्या आधी गाडी धरमकाट्यावर न्या

नागपुरात आमच्या मनीषनगरच्या गल्लीच्या तोंडाशी एक ब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटरला सहज ओलांडता येईल असा सांगितलाय. आमचा एका रात्रीत उगवला, कोणी घातला कोणालाच ठाऊक नाही. मी टेप लावून मोजला: उंची १३ सेंटिमीटर, रुंदी सव्वा मीटर. २०२१ च्या दिवाळीत मी माझ्या सेकंडहँड ऑडी टीटीला पहिले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे शॉकर-स्प्रिंगचे सेट) लावले, गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली आणि घरी येताना याच ब्रेकरवर असा दणका बसला, की शेजारी बसलेली आई म्हणाली, "बाप्पा! दुरुस्त करून आणली का बिघडवून?"

आईचं चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तीही लाजिरवाणी. मी बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो. दिवसभर व्हर्नियर आणि गेज हातात असतात, दुसऱ्यांचा माल अर्ध्या मिलिमीटरवरून परत पाठवतो. आणि स्वतःच्या गाडीसाठी मात्र डब्यावरचे '३२ क्लिक' (शॉकर कडक-ढिला करायच्या पायऱ्या) आणि स्प्रिंगचा जांभळा रंग पाहून पैसे मोजले. तो सेट चौदा महिन्यांत, अकरा हजार किलोमीटरवर तेल गाळायला लागला. विक्रेता आधी "पाहून राहिलो भाऊ" म्हणायचा, मग त्याने फोन उचलणंच सोडलं. दुसरा सेट घेताना मी घरातल्या मालासारखं नाही, कारखान्यातल्या मालासारखं वागलो. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलंय. गाडी रोज रस्त्यावर चालवायची आहे, ट्रॅकवर न्यायची नाही आणि खिसा मोजका आहे, अशांसाठी.

आधी हे पाहा की कॉइलओव्हर हवेच आहेत का

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, ती रस्त्यावर डोलते, वळणावर ढिली वाटते, म्हणून माणूस कॉइलओव्हर शोधायला लागतो. पण सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत शॉकर, वरचे टॉप माउंट, लोअर आर्मचे मागचे बुश आणि लिंक रॉड हे सगळंच थकलेलं असतं. बुश फाटलेले ठेवून वर कडक स्प्रिंग बसवली, तर आधी जे नुसतं ढिलं होतं ते आता खडखडायला लागतं, आणि दोष नव्या मालाला लागतो. जॅकवर घ्या, लोअर आर्मच्या बुशमध्ये लांब टॉमी घालून हलवून पाहा, रबर चिरलेलं दिसेल. आधी ते बदला.

ते बदलून गाडी ताळ्यावर आली आणि तुम्हाला फक्त थोडी खाली, थोडी घट्ट हवी असेल, तर चांगले शॉकर आणि जोडीची लोअरिंग स्प्रिंग हा स्वस्तातला शहाणपणाचा मार्ग आहे. बिलस्टीन कंपनीचा बी८ हा खाली घेतलेल्या गाड्यांसाठीच आखूड केलेला शॉकर आहे, आणि बी१२ म्हणजे तोच शॉकर आयबाखच्या स्प्रिंगसोबत. यात उंची बदलता येत नाही. पण खरं सांगा, पहिल्या महिन्यानंतर उंची कोण बदलतं? मी तीन वर्षांत दोनदा बदलली, आणि त्यातली एक वेळ चूक सुधारण्याची होती.

अजून एक तपासा. शॉकरच्या दांड्याच्या टोकाशी वायर जात असेल, तर तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक डॅम्पर, म्हणजे विजेने कडक-मऊ होणारे शॉकर आहेत. टीटीत मॅग्नेटिक राइड हा पर्याय होता. ते काढून साधे कॉइलओव्हर बसवले की मीटरवर इशारा पेटतो, तो बंद करायचं वेगळं मॉड्यूल लागतं आणि बजेट तिथेच कोलमडतं. माझ्या गाडीत सुदैवाने ते नव्हतं.

मागची स्प्रिंग वेगळी बसते

कॉइलओव्हर म्हणजे शॉकरच्या अंगावर आटे पाडलेले असतात, त्यावर कॉलर फिरते आणि कॉलरवर स्प्रिंग टेकते. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला, म्हणजे शॉकर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाला, हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच फोक्सवॅगन कुटुंबातल्या गाड्यांना मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकर वेगळा असतो. तिथे डब्यात येते ती एक आखूड स्प्रिंग, तिच्याखालची आट्यांची बैठक आणि साधा दिसणारा शॉकर. "मागचा कॉइलओव्हर आलाच नाही" म्हणून मी पहिल्या वेळी विक्रेत्याशी भांडलो होतो. ते भांडण मात्र फुकटचं होतं.

याच कुटुंबात एक खोडा आहे. टीटीची दुसरी पिढी, पाचवी गोल्फ आणि आपल्याकडची स्कोडा लॉरा या एकाच पायावरच्या गाड्या, म्हणून एकाचा माल दुसरीला बसतो असं सर्रास सांगितलं जातं. पण या पायावर पुढच्या स्ट्रटचा खालचा व्यास दोन मापांत येतो, ५० आणि ५५ मिलिमीटर. नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागात, तो घट्ट बसायला हवा. पैसे द्यायच्या आधी चाक काढा, स्ट्रट पुसा, व्हर्नियर लावा, फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. व्हर्नियर नसेल तर स्ट्रटभोवती दोरा गुंडाळा आणि लांबीला ३.१४ ने भागा. १५७ मिलिमीटर आलं तर ५०, १७३ च्या आसपास आलं तर ५५.

उरलेली वाट, म्हणजे खरा माल

आता मुद्द्यावर येतो. स्वस्त आणि चांगल्या कॉइलओव्हरमध्ये सर्वात मोठा फरक असतो तो हा, की गाडी तुमच्या उंचीवर उभी असताना चाकाला वर यायला किती वाट उरली आहे. मूळ गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली आणि शॉकरचं अंग आखूड केलंच नाही, तर ते ४० मिलिमीटर थेट वरच्या वाटेतून जातात. मग दांडा बंपस्टॉपवर आपटतो. बंपस्टॉप म्हणजे दांड्यावरचा तो पिवळट फोमचा ठोकळा. तो दबला की अचानक कडक होतो आणि चाक एका क्षणात खडकाचं होतं. आमच्या ब्रेकरवरचा दणका हाच होता.

स्वस्त सेट बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं. वाट कमी आहे, मग चाक बंपस्टॉपपर्यंत पोचू नये म्हणून तो स्प्रिंगच कडक घालतो. ग्राहकाला वाटतं, वा, स्पोर्टी झाली गाडी. माझ्या पहिल्या सेटला पुढे ८ किलो प्रति मिलिमीटरची (एक मिलिमीटर दाबायला आठ किलो लागतील अशी) स्प्रिंग होती, आणि ती वाटेची चोरी झाकायला होती हे मला सेट उघडल्यावर कळलं.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी, चालवणारा सीटवर बसलेला. स्ट्रटचं धूळ-रबर वर सरकवा. शॉकरच्या अंगाच्या वरच्या कडेपासून बंपस्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत उघडा दांडा किती दिसतो ते पट्टीने मोजा. पहिल्या सेटला पुढे २६ मिलिमीटर होते. दुसऱ्याला, गाडी ३० मिलिमीटर खाली घेऊनही, ५४. घेण्याआधी मोजता येत नाही, हे खरं. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी आणि बंपस्टॉपची लांबी. "किती खाली जाईल?" हे विचारूच नका, त्याचं उत्तर सगळे आनंदाने देतात. लांबी विचारल्यावर जो गडबडतो किंवा "भाऊ, सगळे हेच नेऊन राहिले" म्हणतो, तिथून नमस्कार करून निघा.

लावल्यावर दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बांधा, शॉकरच्या तोंडाला टेकवून. गाडी चालवून या. टाय जितका वर ढकलला गेला, तितकं चाक वर आलं होतं. हा पाच रुपयांचा टाय तुम्हाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगेल. मनीषनगर ते बुटीबोरी आणि परत, पुन्हा एकदा कॉलनीचा ब्रेकर, आणि टायची जागा मोजायची. तो रोज बंपस्टॉपपर्यंत जात असेल तर गाडी उचला. फोमचा ठोकळा कापून वाट वाढवायचा मोह होतो, मिस्त्रीही सुचवतात. बनवणाऱ्याने स्वतः सांगितलं नसेल तर कापू नका, त्यानंतर लोखंडावर लोखंड येतं आणि शॉकरचा आतला व्हॉल्व्ह जातो.

खालची वाटही लागते. कडक स्प्रिंग गाडीच्या वजनाने कमी दबते, म्हणून खड्ड्यात चाक खाली लोंबकळायला जागाच राहत नाही. आकडे पुढे येतातच.

धरमकाटा

वर्धा रोडवर ट्रकवाल्यांचे धरमकाटे, म्हणजे गाडीचे वजनकाटे, जागोजागी आहेत. सकाळी गर्दी नसताना जा, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवा, मग फक्त मागची. माझी टीटी, मी आत बसलेलो आणि अर्धी टाकी पेट्रोल: पुढे ८६० किलो, मागे ६००. काटेवाल्या काकाजींनी पावतीवर 'कार' लिहिलं आणि विचारलं, "रिकामीच आहे न? मग कायले मोजून राहिले?"

पुढचे ८६० भागिले दोन, एका चाकावर ४३०. त्यातून चाक, टायर, ब्रेक, नकल यांचं वजन वजा करा, कारण ते स्प्रिंगवर बसत नाही. मी ४५ धरले. उरले ३८५. आता स्प्रिंगचा आकडा घ्या. तो किलो प्रति मिलिमीटरमध्ये असतो. न्यूटनमध्ये दिला असेल तर ९.८१ ने भागा, पाउंड प्रति इंच असेल तर ५६ ने. ३८५ ला त्या आकड्याने भागलं की स्प्रिंग उभ्या गाडीखाली किती मिलिमीटर दबते ते कळतं. मग १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा. येतो तो आकडा म्हणजे गाडी एका सेकंदात किती वेळा वर-खाली झुलायला बघते.

३ किलोची स्प्रिंग: १२८ मिलिमीटर दबते, झोके १.४. पाच किलोची: ७७ मिलिमीटर, १.८. आठ किलोची, म्हणजे माझा जांभळा सेट: ४८ मिलिमीटर, जवळजवळ २.३. आरामाच्या घरगुती गाड्या १ ते १.३ मध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार साधारण दीड ते पावणेदोनमध्ये. दोनच्या वर गेलं की तो ट्रॅकचा प्रांत. आणि बघा, आठ किलोवाली फक्त ४८ मिलिमीटर दबलेली, म्हणजे खाली लोंबायला फार तर तेवढीच जागा. खड्डा त्याहून खोल असला की चाक हवेत.

यात नागपूरचा एक खास त्रास आहे. आपल्या गावात गेल्या काही वर्षांत डांबर जाऊन सिमेंटचे रस्ते आले. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर जोड असतात. आमच्या गल्लीबाहेर टेप लावला तर साडेचार मीटर निघाले. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे सेकंदाला १.८५ जोड. पाच किलोच्या स्प्रिंगचा झोकाही १.८! जोड खचलेले असतील तर गाडी नेमकी तिच्याच तालात ढकलली जाते, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तशी. तीन किलोच्या स्प्रिंगला हा ताल ताशी बावीस-तेवीसला येतो, तिथून माणूस पुढे निघून जातो. आठ किलोवालीला ताशी ३७ ला येतो, आणि गल्ली सोडून छत्रपती चौकाकडे निघालं की आपण नेमके त्याच वेगात असतो. समृद्धीवर ताशी शंभरला हेच जोड सेकंदाला सहा वेळा लागतात. तिथे झोका नसतो, नुसती तडतड असते, आणि ती टायर आणि बुशच्या माथी.

मी शेवटी पाचच्या थोडं खाली गेलो. झोका पूर्ण टळला नाही, पण तो आवरायला डॅम्पर असतो.

मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याशी थेट ताडू नका. मागे स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, चाकाच्या थेट वर नाही. आर्मच्या आतल्या बोल्टपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि त्याच बोल्टपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर यांचं गुणोत्तर काढा आणि त्याचा वर्ग करा. गुणोत्तर ०.६ आलं तर वर्ग ०.३६, म्हणजे दहा किलोची मागची स्प्रिंग चाकापाशी ३.६ ची भासते. "मागे एवढी कडक कायले दिली?" म्हणून घाबरायचं कारण नाही. पुढे मॅकफर्सनला हे गुणोत्तर जवळजवळ एक धरून चालतं.

आणि कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, हे अजून ऐकायला मिळतं. साध्या सरळ स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कॉलर आवळून गाडी फक्त उंच होते. काही सेटमध्ये उंची खालच्या ब्रॅकेटने वेगळी बदलता येते. तिथे कॉलर फार आवळून ब्रॅकेटने गाडी परत त्याच उंचीवर आणली, तर खालची वाट कमी होते.

क्लिक मोजू नका

आता ते ३२ क्लिक. स्वस्त सेटच्या एका स्क्रूने दाबाची (चाक वर येताना) आणि उसळीची (चाक परत खाली जाताना) अशा दोन्ही बाजू थोड्याथोड्या बदलतात, आणि मधल्या दहा क्लिकमध्ये बुडाला काहीच कळत नाही. केडब्ल्यू कंपनीकडे पाहा: त्यांच्या व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये उसळी, व्ही३ मध्ये दोन्ही वेगवेगळ्या. त्यांचाच स्वस्त भाऊ म्हणजे एसटी, तिथे एक्समध्ये फक्त उंची, एक्सएमध्ये उसळीही. बिलस्टीन बी१४ ला क्लिकच नाहीत, कारखान्यात ठरवलं ते ठरवलं, आणि रस्त्यासाठी माझ्या मते ते भूषणच आहे. टेइनचा फ्लेक्स झेड सीलबंद ट्विन-ट्यूब, १६ पायऱ्यांचा. बिघडला की उघडत बसायचं नाही, तेवढा एक बदलायचा. तैवानच्या बीसी रेसिंगचा बीआर मोनोट्यूब, ३० क्लिक. ज्याला बुडाची संवेदना आणि फुरसत दोन्ही आहे, त्याने क्लिकवाले घ्यावेत. बाकीच्यांनी पैसे वाचवून टायर घ्यावेत.

मोनोट्यूब की ट्विन-ट्यूब? मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आत दाबाखाली नायट्रोजन, तेल आणि वायू यांच्यात तरंगता पिस्टन. मोठा पिस्टन, उष्णता लवकर बाहेर, काम चोख. पण वायूच्या कप्प्याला लांबी लागते, आणि आखूड शॉकरमध्ये ती वाटेतून कापली जाते. शिवाय बाहेरून गोटा लागून नळी चेपली तर आतला पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरचा थोडा चेपका चालतो, तिचं घर्षण कमी असतं आणि ती स्वस्त असते. मे महिन्यात इथे पंचेचाळीस अंश होतात, म्हणून मोनोट्यूबच घ्या असं मला सांगितलं होतं. पण रस्त्यावर ऑफिसला जाऊन येताना तेल ट्रॅकवरच्यासारखं उकळत नाही. माझा आताचा सेट ट्विन-ट्यूब आहे आणि दोन उन्हाळे पाहून बसलाय. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर न मोजता तोच उचलाल.

वरचे माउंट मात्र रबरचेच ठेवा. पिलो-बॉल नावाचे लोखंडी गोळ्यांचे माउंट ट्रॅकवर झकास, इथल्या धुळीत सहा महिन्यांत टकटकायला लागतात. पहिल्या सेटचा तो आवाज बंद करायला मी दोनदा लिंक रॉड बदलले. दोष तिथे नव्हताच.

पैसे

मी सव्वा लाख ठरवले होते. त्यातले सगळे सेटवर घालवायचे नसतात, ही पहिल्या वेळची अक्कल. वरचे नवे माउंट आणि बेअरिंग, नवे लिंक रॉड, एकदाच वापरायचे ताणाचे बोल्ट, फिटिंग, दोनदा अलाइनमेंट. माझ्या बाबतीत हे वीस टक्क्यांच्या वर गेलं. विक्रेत्याला अजून एक विचारा: एकच शॉकर गेला तर एक मिळतो का, आणि किती दिवसांत? जोडीशिवाय मिळत नसेल, तर आजचा स्वस्त सेट उद्या दुप्पट होतो. वापरलेले कॉइलओव्हर मी घेणार नाही. दांड्यावर नखाला लागेल एवढा ओरखडा असला तरी सील जातं, आणि फोटोत तो दिसत नाही.

जर्मन सेटसोबत एक तांत्रिक मंजुरीचा कागद येतो, त्यात कोणत्या गाडीला किती ते किती उंचीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. भाषा कळली नाही तरी आकडे कळतात. त्या आकड्याच्या खाली जायचं नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध जाणारे बदल करू देत नाही. मी विमा कंपनीला ईमेल करून बदल कळवला आणि उत्तर जपून ठेवलंय. मूळ शॉकर-स्प्रिंगही माळ्यावर आहेत. बायकोला ते दिसले की ती दर दिवाळीला भंगाराचा विषय काढते.

बसवताना उभं राहायचं

आमचे मिस्त्री काकाजी पस्तीस वर्षं गाड्या उघडताहेत. तरी मी शेजारी उभा होतो, आणि दोन ठिकाणी तोंड उघडलं. एक, दांड्याच्या वरच्या नटाला हवेची बंदूक लावू द्यायची नाही. दांडा गरगर फिरला की सील सुरुवातीलाच खराब होतं. आतून षटकोनी किल्लीने दांडा धरायचा, पान्याने नट आवळायचा. दोन, बुशमधले बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. चाकाखाली लाकडी ठोकळे ठेवून, गाडी तिच्या उंचीवर आणून मगच शेवटचं आवळायचं. काकाजी म्हणाले, "हे आम्हाले कोणी सांगितलंच नाही भाऊ," आणि त्यानंतरच्या गाडीलाही त्यांनी तसंच केलं. मूळ स्प्रिंग स्ट्रटवरून सोडवायचं काम मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) आणि सराव नसलेल्याने घरी करू नये. ती सुटली तर दात जातात, नशीब बरं असलं तर.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. काढण्याआधीचे चारही आकडे लिहून ठेवा, नंतरचे शेजारी. मी पुढे ३० आणि मागे २५ मिलिमीटर खाली आलो. मॅकफर्सनमध्ये याहून फार खाली गेलं की लोअर आर्म आडवा होऊन उलटा वर बघायला लागतो. मग गाडी खाली येऊनही वळणात जास्त कलते आणि खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळतं. स्टायलिश दिसते, एवढंच.

झेनॉन दिवे असतील तर मागच्या आर्मवर दिव्यांच्या उंचीचा सेन्सर असतो. तोही नव्याने शून्यावर बसवा, नाहीतर समोरचा ट्रकवाला रात्रभर डिपर मारतो. पहिलं अलाइनमेंट लगेच, दुसरं स्प्रिंग बसल्यावर, साधारण पाचशे किलोमीटरनंतर.

सेटिंग

क्लिकवाला सेट असेल तर सुरुवात बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावरून. नसेल सांगितला तर मधून. बहुतेक सेटमध्ये पूर्ण आवळलेल्या टोकापासून मागे मोजतात. जोर लावून आवळू नका, आतली सुई टोकाला चेपते. एका वेळी पुढची जोडी किंवा मागची जोडी, दोन-दोन क्लिक, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. मी तीन जागा ठरवल्या होत्या: खचलेल्या जोडांचा आमचा सिमेंटचा रस्ता ताशी तीसला, वर्धा रोडचा उड्डाणपूल ताशी साठला, आणि सकाळी सहाला सेमिनरी हिल्सची वळणं, फिरायला येणारे काका-काकू दिसले की वेग सोडून.

उसळी फार ढिली असेल तर उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी नावेसारखी दोन-तीनदा डुलते. फार आवळली तर उलटं होतं: प्रत्येक जोडावर चाक वर येतं, पण खाली उतरायच्या आत पुढचा जोड येतो, आणि गाडी हळूहळू दबत बंपस्टॉपवर जाऊन बसते. माणसाला वाटतं स्प्रिंग कडक आहे, म्हणून तो आणखी आवळतो. मी जांभळ्या सेटवर हेच महिनाभर केलं होतं. सिमेंटच्या रस्त्यावर गाडी वाढत्या तालात हादरत असेल, तर आधी दोन क्लिक ढिली करून पाहा. आता माझी पुढची उसळी मधल्यापेक्षा तीन क्लिक ढिलीकडे आहे, मागची मधोमध.

पावसाळ्यात आपली काळी माती आट्यांत जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत विटेसारखी होते. ऑक्टोबरमध्ये चाकं काढून साध्या पाण्याने धुवा, नायलॉनच्या ब्रशने आटे घासा, सुकल्यावर कॉलर अर्धा फेरा फिरवून परत जागेवर आणा. तेलकट ग्रीस लावू नका, त्यावर धूळ अजून चिकटते. नळी गॅल्व्हनाइझ्ड किंवा स्टेनलेस असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. नुसती रंगवलेली असेल तर पहिल्याच वर्षी पान्याने कॉलरचे कान तुटतात, हेही मला जांभळ्याने शिकवलं.

केबल टाय अजून दांड्यावर आहे. परवा आईला एअरपोर्टहून घेऊन आलो. तिच्या दोन बॅगा मागच्या सीटवर, कारण टीटीत त्या सीटचा दुसरा उपयोग नाही. कॉलनीच्या ब्रेकरवर ताशी आठ किलोमीटरने चढलो, उतरलो. आई फोनवर मावशीशी बोलत होती, बोलतच राहिली. घरी येऊन वाकून पाहिलं तर टाय ४१ वर होता. चोपन्नातले तेरा उरले.